‘का’ म्हणजे काजळ

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचा हिशेब असतो, सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं ते असतं, कूलरवाल्याचा नंबर असतो आणि नवऱ्याच्या शिफ्टा असतात. २०२४च्या पावसाळ्यात त्यात एक नवी नोंद दिसायला लागली. काही तारखांच्या चौकटीत कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असे, ‘का’. मला वाटलं, दूधवाल्याने काही कापून घेतलं असेल. एक दिवस सहावीतल्या धाकट्याला विचारलं, तेव्हा त्याने वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "का म्हणजे काजळ. तू काजळवाली गोष्ट सांगितली की मी लिहितो. ऑगस्टमध्ये सात वेळा झाली."

सात वेळा! दूधवाल्याचेही ऑगस्टमध्ये पाचच खाडे होते.

आम्ही चंद्रपुरात राहतो, ताडोबा रोडवर तुकूमच्या बाजूला. नवरा औष्णिक वीज केंद्रात आहे. या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. महाराष्ट्राला उजेड आम्ही देतो आणि त्या उजेडाची राख आमच्या गच्चीवरच्या ओल्या कपड्यांवर उतरते. थोरली तेव्हा दहावीत होती. ती कॉन्व्हेंटमध्ये शिकते. हे वाचून पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर नन्स येतील, म्हणून खुलासा करते. विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. त्या शाळेच्या दारात गणपती असो की गजानन महाराज, कॉन्व्हेंट ते कॉन्व्हेंट.

दहावीचं पोर घरात असलं की घराचं काय होतं ते ज्याच्या घरी असतं त्यालाच कळतं. टीव्ही मुका होतो. पाहुणे चप्पल काढायच्या आधीच विचारतात, "अभ्यास कसा सुरू आहे?" आणि आईच्या अंगात तिची स्वतःची दहावी येते. मी १९९६ची. थोरलीने मोबाइल हातात घेतला की मी सुरू होते. आम्ही सहा किलोमीटर सायकल मारून शाळेत जायचो. तीही बाबांची चोवीस इंची, मधल्या दांड्याखालून पाय घालून अर्धं पायडल मारायची. कंदिलाची काच राखेने पुसून मग अभ्यासाला बसायचो. थोरली म्हणते, "आई, राख तर आपल्याकडे अजूनपण आहे." धाकटा म्हणतो, "आणि वाघ?" कारण सायकलीच्या गोष्टीत पुढे वाघ येतो. खरं म्हणजे वाघ नव्हता. रस्त्याकडेच्या झुडपात काहीतरी हललं होतं आणि आम्ही पाच पोरी सायकली टाकून पळालो होतो. ते काहीतरी दरवर्षी थोडंथोडं मोठं होत गेलं आणि माझ्या लग्नापर्यंत त्याला पट्टे आले.

ही वाघाची गोष्ट मात्र मी आता सांगत नाही. २०२२च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्याच आवारात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला आणि लगोलग शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला उचललं. नवरा त्या आठवड्यात रात्रपाळीला होता. तो घरी येऊन कुलूप उघडेपर्यंत मी खिडकीशी उभी असायची. ज्या जिल्ह्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं परत येत नाहीत, तिथे झुडपातल्या वाघावर पोरांना हसवणं जमेना. मग घरात एकच गोष्ट उरली, काजळाची. तिच्यावर भार वाढला तो असा.

तर ती गोष्ट. १९९५ची दिवाळी होऊन गेली होती, शाळा उघडली होती, धान कापणीला आलं होतं. माझ्या माहेरच्या भागात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार आणि लेकीबाळींची गाठभेट. रात्री नाटक. हे नाटक शहरातल्यासारखं अडीच तासांचं नसतं. दहा-अकराला नांदी होते आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा कोंबडं आरवलेलं असतं. तेव्हा माणसं घोंगड्या-चादरी घेऊन बंड्या जुंपून येत आणि तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसत. त्या वर्षीच्या नाटकात आमच्या शाळेचे भूगोलाचे सर खलनायक सावकार झाले होते. आम्ही वर्गातले तीस-पस्तीस जण नाटकाला. सकाळी शाळा. पहिला तास भूगोलाचा. सर आले, फळ्यावर ‘मोसमी वारे’ लिहिलं, वळले, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काजळ तसंच. वर्ग गप्प. तेव्हा दुसऱ्या बाकावरून मी उठले आणि म्हणाले, "सर, डोळ्यातलं काजळ राहिलं जी." सर क्षणभर थांबले, मग सावकारासारखे गडगडाटी हसले आणि सगळा वर्ग हसला.

इतकीच गोष्ट. सांगायला चार मिनिटं लागतात. धाकटा म्हणतो सहा.

खरं तर मी ‘डोळ्यातलं काजळ’ म्हणाले नसणारच. झाडीबोलीला ळ चालत नाही, ण चालत नाही. डोळा म्हणजे डोरा आणि काजळ म्हणजे काजर. शाळेत आमची अर्धी शक्ती ‘मले-तुले’चं ‘मला-तुला’ करण्यात गेली. मराठीच्या तासाला ‘मले’ तोंडातून गेलं की उभं राहावं लागे. एका पावसाळ्यात मी इतक्यांदा उभी राहिले की गळक्या कौलाखालची जागा मला पाठ झाली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी चळवळ उभी केली, तिची साहित्य संमेलनं होतात, हे मला फार उशिरा, लग्नानंतर कळलं. तोवर मी ळ आणि ण इतके घोटले होते की माहेरी गेल्यावर काकू विचारायच्या, "काऊन वो, पुन्याची झाली का?" आणि आता गंमत बघा. माझी कॉन्व्हेंटातली लेक मोबाइलवर वऱ्हाडी रील पाहून मैत्रिणींशी मुद्दाम ‘मले कायले सांगून राह्यली’ असं बोलते. मी दटावलं तर म्हणते, "आई, हे कूल आहे." ज्या शब्दासाठी मी भिजले, त्याला आता लाइक मिळतात.

काजळाची गोष्ट अशी घरात सुखाने म्हातारी झाली असती. पण आमच्या दहावीच्या ग्रुपवर स्नेहमिलनाचा विषय निघाला.

अलीकडे आमच्या भागात स्नेहमिलनांची साथ आली आहे. ज्या बॅचला विचाराल तिचं एक तरी झालेलं असतं नाहीतर ठरत असतं. कारण सरळ आहे. आमच्या पिढीत पहिल्यांदाच एवढी मुलं एकदम बाहेर गेली. कुणी नागपूर-पुण्याला, कुणी पोलिसात, कुणी नोकरीनिमित्त थेट सिरोंच्याला, जिथे बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. पूर्वी माणसं गावातच असायची, मंडईत भेटायची, त्यांना वेगळा सोहळा लागत नव्हता. मोबाइलने सगळ्यांना एका खोलीत आणून बसवलं आणि मग सकाळी सहापासून शुभसकाळ सुरू झाली. गुलाबाचं फूल, कपबशी, सुविचार. हे ग्रुप हसण्यावारी न्यायचे असं मीही ठरवलं होतं. पण १ मे २०१९ला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि गाडीचा चालक गेले, तेव्हा दोन दिवस त्या ग्रुपवर एकही फूल आलं नाही. आमच्यातले चौघे पोलिसात. तिसऱ्या दिवशी चौघांपैकी शेवटच्याने नुसता अंगठा पाठवला. त्यानंतर मी कपबशांना नावं ठेवणं सोडलं.

ठरता ठरता अकरा महिने गेले. तारीख निघाली १० नोव्हेंबर २०२४, रविवार. मंडईचे दिवस, आणि वर विधानसभेची निवडणूक २० तारखेला. नवऱ्याची शिफ्ट होती. मी दोन्ही पोरांना घेऊन निघाले. थोरली भूगोलाचं पुस्तक घेऊन आली, ते पूर्ण प्रवासात तिने उघडलं नाही.

शाळा वडशाकडची, म्हणून आम्ही रेल्वेने गेलो. चांदा फोर्टवरून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा. धाकट्याला स्टेशनांच्या पाट्या वाचायचा नाद. त्याने विचारलं, "आपलं चंद्रपूर आहे तर इथे चांदा का लिहिलंय?" वडशाला उतरल्यावर पुन्हा तेच, कारण सरकारी कागदावर गाव देसाईगंज आणि स्टेशनवर वडसा. म्हणजे आम्ही एका जुन्या नावाच्या स्टेशनवर चढलो आणि दुसऱ्या जुन्या नावाच्या स्टेशनवर उतरलो. मधल्या काळात जिल्हा बदलला, गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला. पण माझे आजोबा शेवटपर्यंत कोर्टाच्या कामाला ‘चांद्याले’ जात होते, कोर्ट कुठेही असो.

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची मुंबई. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. हंगामाच्या तोंडावर गावोगावचे मंडईवाले येतात, तारखा धरतात, नट-नट्या, ऑर्गन, तबला, पडदे सगळं ठरवून जातात. हंगाम होळीपर्यंत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आश्चर्य वाटलं ते दिल्लीला हे कळलं कसं याचं. त्या रविवारी रस्त्यावर दोन प्रकारच्या गाड्या फिरत होत्या, एक उमेदवारांच्या, एक नाटकांच्या. दोन्हींवर भोंगे, दोन्हींवर हात जोडलेले फोटो, दोन्हींत अश्रू आणि सूड यांची हमी. धाकट्याला कोणती कशाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही एकदा चुकलं.

शाळेच्या पटांगणात मांडव. बॅनरवर आम्हा सगळ्यांचे दहावीतले फोटो, प्रवेशपत्रावरचे, म्हणजे सगळे गुन्हेगार. माझा फोटो शोधून थोरली म्हणाली, "तू एवढी चिडलेली का आहे?" मला आठवेना. पोहे होते, चण्याची तर्री होती, आणि मांडवामागे खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पुड्या घासणारी तीच तीन पोरं होती जी तेव्हा शाळेमागे बोरं चोरायची. आता त्यांपैकी एकाला नातू आहे. मुलींनी, म्हणजे आम्ही, आधी एकमेकींच्या साड्या बघितल्या आणि मग चेहरे. एकीने मला ओळखलं नाही, मी दुसरीला. "किती बदलली वो" याचा अर्थ काय, हे बायकांना सांगावं लागत नाही.

सूत्रसंचालकाने चारोळ्या सुरू केल्या. दीपप्रज्वलनाला वारा आला. मग आमच्यातून गेलेल्यांची नावं वाचली. एकसष्टपैकी पाच. एक रोवणीच्या दिवसांत बांधावर साप चावून, दोन कोरोनात, एक रस्त्यावर, आणि एक मुलगी बाळंतपणात, तेही १९९९मध्येच, आम्ही कॉलेजात असताना. तिची सायकल माझ्या सायकलीच्या पुढे असायची. माझी पोरं उभी होती. धाकट्याने माझा पदर धरला होता, जे तो आता सहसा करत नाही.

मनोगतं सुरू झाली आणि घात झाला. ट्रॅक्टरची एजन्सी असलेला आमचा एक वर्गमित्र माइकवर आला आणि म्हणाला, "एक आठवण सांगतो. आपले भूगोलाचे सर नाटकात काम करत. एकदा डोळ्यात काजळ तसंच. वर्ग गप्प. मी उठलो आणि म्हणालो..."

थोरलीने माझ्याकडे बघितलं. असं ती आजवर फक्त गणिताच्या शिक्षकांकडे बघत आली आहे.

मी म्हणाले, "ए, ते मी म्हणाली होती!" मागून खर्ऱ्यावाला ओरडला, "तू कायची? तू तर त्या दिवशी आलीच नव्हती, तुले झोप लागली होती. मी बोललो बे." आणखी एक, आता शिक्षिका आहे, ती म्हणाली की ती बोलली आणि तिला उभं केलं होतं. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असलेला एक काहीतरी हातवारे करत होता. आवाज लावल्यावर कळलं, त्याचाही दावा होता. पाच मिनिटांत काजळाचे पाच मालक झाले. प्रत्येकाच्या घरी बायको-मुलांनी ती गोष्ट कितीदा ऐकली असेल याचा हिशेब माझ्या पोराने करून टाकला असावा. तो बोटं मोजत होता.

सर पहिल्या रांगेत बसले होते. मांडीवर शाल, श्रीफळ पायाशी. वय अठ्ठ्याहत्तर. अंगाने बारीक, सावकार म्हणून आता कुणी घेणार नाही. सगळ्यांनी त्यांच्याकडे माइक दिला आणि निकाल मागितला.

सर म्हणाले, "कोनीच नाही बोललं." मांडव हसला. "नाही, खरंच. तुमची हिंमत होती का तेव्हा? पुस्तकात डोकं घालून बसले होते सगळे." मग त्यांनी माइक जरा लांब धरला, जवळ धरला. "आणि एक सांगतो. मी पुसायला विसरलो नव्हतो. आमच्या घरी आरसा होता."

आता कुणी हसलं नाही.

"मुद्दाम ठेवलं होतं. म्हटलं, एक तरी पोट्टं विचारेल, सर, काल तुमचं काम पाह्यलं, चांगलं झालं. रात्री तुम्ही सगळे समोर बसले होते, मी वरून पाहत होतो. सकाळी कोनी काहीच बोललं नाही. मग मोसमी वारे शिकवले." ते थांबले. "एकोणतीस वर्षांनी इचारून राह्यले."

नंतर सत्कार झाले. फोटो झाले. वरण-भात-वांग्याची भाजी झाली. मी सरांच्या पाया पडायला गेले तर काय बोलावं सुचेना, मी तब्येत विचारली. माझ्या मागे थोरली उभी होती. तिने सरळ विचारलं, "सर, त्या नाटकात तुम्ही मरता का शेवटी?" सरांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी भूगोलाच्या तासाला कधी बघितलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, एका हाताने खुर्चीची पाठ धरली आणि सावकार कसा मरत असे ते तिला करून दाखवलं. छातीत गोळी लागते, मग दोन पावलं, मग हसू, हसता हसता खोकला. खोकला खरा निघाला आणि त्यांच्या सुनेने धावत येऊन पाणी दिलं.

रात्री शेजारच्या गावच्या मंडईत नाटकाला गेलो. आता खुर्च्या असतात, तणस उरलेलं नाही, पण थंडी तीच. पहिल्या अंकात धाकटा झोपला, लावणीला बरोबर जागा झाला, पुन्हा झोपला. थोरली पहाटे पाचपर्यंत जागी होती. नाटक कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, "लाऊड आहे." मग बऱ्याच वेळाने, "पण लोक कोणी मोबाइल नाही बघत." सकाळी स्टेशनला जाताना रस्त्यात मानव विकासची निळी बस थांबली आणि गणवेशातल्या मुली भरभरून चढल्या. ही बस त्यांच्यासाठीच असते. मी तोंड उघडलं, सायकलीचे सहा किलोमीटर ओठांवर आले, आणि मी ते गिळले. धाकट्याने माझ्याकडे संशयाने बघितलं.

दीडेक महिन्याने, १ जानेवारी २०२५ला, थोरलीनेच मला मोबाइलवर बातमी दाखवली. एटापल्ली तालुक्यातल्या वांगेतुरी-गर्देवाडा-गट्टा भागात पहिल्यांदा एसटी आली, मुख्यमंत्री स्वतः तिच्यात बसले. "पहिल्यांदा म्हणजे?" तिने विचारलं. पहिल्यांदा म्हणजे पहिल्यांदा, मी म्हणाले. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाली होती. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या सायकलीपेक्षाही वाईट." माझ्या हालअपेष्टांना घरात पहिल्यांदाच कुणी मोजमाप म्हणून वापरलं.

पण ते पुढचं. सोमवारी दुपारी आम्ही चंद्रपूरला पोहोचलो, जटपुरा गेटच्या गर्दीत नेहमीसारखे अडकलो, घरी आलो. नवरा नुकताच शिफ्टवरून आला होता, चहा ठेवत होता. त्याने विचारलं, "काय मग, झाली का काजळाची गोष्ट?" मी बॅग ठेवायला आत गेले. खरं सांगायचं तर मला तोंड दाखवायचं नव्हतं. अठरा वर्षं त्या माणसाने ती गोष्ट प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखी ऐकली होती.

बाहेरून थोरलीचा आवाज आला. "बाबा, ऐका नं. सर मांडवात होते. मंडईचं नाटक, रात्रभर, सगळे तणसावर. सकाळी पहिला तास. सर वळले, डोळ्यात हे एवढं काजळ. वर्ग एकदम गप्प. कोणाचीच हिंमत नाही. तेव्हा आई उठली..."

मी दाराआड थांबले.

"...आणि म्हणाली, सर, डोऱ्यातला काजर राह्यला जी. पण काल तुमचं काम लय भारी झालं."

नवरा हसला. चहा उतू गेल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तेव्हा धाकटा कालनिर्णयसमोर स्टुलावर चढून उभा होता, हातात पेन, ११ नोव्हेंबरच्या चौकटीवर.

"आई," तो म्हणाला, "ताईने सांगितली तर लिहायचं का?"